हात पोचेल तिथवर

"आजी, घरात लिंबू आहे का?" अस्मिता बाईंनी विचारलं.

"सरबत होया काय तुका?" आये म्हणाली. "कुंदा, परड्यातला एक काढ गो."

आये म्हणजे माझी सासू, सत्यभामा. गुडघे दुमडत नव्हते म्हणून ती पडवीत भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. अस्मिता बाई समोर मांडी घालून बसल्या होत्या. त्या रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि दर महिन्याला येऊन आमच्या वेळकोंडच्या खाडीचं पाणी बाटल्यांत भरून न्यायच्या. वाडीतल्या बायका त्यांना पाठीमागे बाटलीवाली म्हणायच्या. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

मी लिंबू आणलं. बाईंनी ते पेल्यात पिळलं, कालवाची एक रिकामी शिंप त्यात बुडवली आणि पेला आयेच्या कानाजवळ धरला.

"ऐका."

आयेनं मान वाकडी केली. "चुरचुरता."

शिंपेभोवती बारीक बारीक बुडबुडे जमले होते. एकेक सुटून वर येत होता.

"शिंप म्हणजे निव्वळ चुना," बाई म्हणाल्या. "आंबटात चुना टिकत नाही. तुमच्या खाडीत हेच चाललंय, फक्त फार सावकाश."

"आमच्या खाडयेत कोण जाता लिंबा पिळूक?" आये म्हणाली. मी हसले, बाईही हसल्या.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. गाड्या, कारखाने, भट्ट्या, जगात जे जे जळतं त्याचा धूर आणि वायू हवेत जातो. त्यातला पुष्कळसा समुद्र पोटात घेतो. तो पाण्यात मुरला की पाणी आंबटाकडे झुकतं. जिभेला कळत नाही. पण कालवाचं पिल्लू राईच्या दाण्याहूनही बारीक. जन्मल्या जन्मल्या त्याला पाण्यातून चुना ओढून अंगावर कवच चढवायचं असतं. पाणी असं झालं की चुना हाताला लागत नाही. ओढून ओढून ते दमतं आणि मरतं.

"आणि जगलंच, तर असं होतं." बाईंनी पिशवीतून दोन शिंपा काढल्या. एक आमच्याच कुंपणाच्या गडग्यात जुन्या काळी चिणलेली, टाचेसारखी जाड. दुसरी त्या वर्षीची. ती त्यांनी दोन बोटांत धरून दाबली. तिचे तुकडे झाले.

"पापड गो," आये म्हणाली.

"नुसती कालवंच नाहीत, आजी. तिसऱ्या, खुबे, कुर्ल्यांची पिल्लं. ज्यांना चुन्याचं घर बांधायचंय त्या सगळ्यांचे हाल आहेत. मग त्यांच्यावर जगणारे मासेही…"

"कळला."

आयेनं ते तुकडे बाईंच्या हातातून आपल्या तळहातावर घेतले. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"ह्या कधीपासून चालू असा?"

"खूप वर्षं. हळूहळू वाढत आलंय."

"आवडी उतारली, त्याच्या आधीपासून?"

बाईंना कळलं नाही. "कोण उतरली?"

"सुतकातली बाई खाडयेत उतारली तर पाणी असा होता काय?"

बाई हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. लहान मुलानं काही विचारलं की आपण हसतो ना, तसं. "अहो आजी, पाण्याला काय कळतंय सुतक."

पेला उचलून आत न्यायच्या निमित्तानं मी उठले. मला तिथं बसवेना.

आमच्या वाडीत कालवं तोडायचं काम बायकांचं. ओहोटीला खडपं, म्हणजे खाडीकाठचे खडक, उघडी पडली की कोयती घेऊन गुडघाभर चिखलात उतरायचं. पण कुणी कधीही उतरायचं नाही. नारळी पौर्णिमा झाली की आधी आमच्या घरची बाई नारळ घेऊन उतरणार, पहिलं कालव फोडणार, मग बाकीच्या. हा मान आयेचा होता. कुठली खडपं मोकळी ठेवायची, कुठली राखायची, हे तीच सांगायची आणि तिचा शब्द कोणी मोडत नसे. आणखी एक नेम होता. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरच्या बाईनं तेरावा होईपर्यंत खाडीत पाय घालायचा नाही. कालवं रुसतात म्हणत.

आवडीचं घर वाडीच्या टोकाला, खडपाच्या वर. तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हा तिची पोरं लहान होती. तिसऱ्या दिवशी, भर दुपारच्या ओहोटीला, ती कोयती घेऊन एकटी खाडीत उतरली. पुष्कळांनी पाहिलं. कोणी हटकलं नाही. कोणी विचारलंही नाही.

त्या पावसानंतर खडपांवर नवीन कालवं धरलीच नाहीत. पुढच्या वर्षी त्याहून कमी. बायका पाणवठ्यावर कुजबुजू लागल्या, मग मोठ्यानं बोलू लागल्या. शेवटी एका सकाळी सगळ्या काठावर उभ्या असताना आये म्हणाली, "आवडी, तू आता खाडयेत पाय घालू नको."

"कधीपर्यंत?" आवडीनं विचारलं.

"कालवां परत येईसर."

आवडीनं मान हलवली. भांडली नाही, रडली नाही. हातातली कोयती कमरेला खोचली आणि घरी गेली. मग ती बाजारात एका खाणावळीत मासळी साफ करायला जाऊ लागली. रोज सकाळी आमच्या दारावरून जायची आणि संध्याकाळी यायची. वर बघायची नाही. मीही तेवढ्यात वळून काहीतरी काम काढायची.

मी पेला धुऊन बाहेर आले तेव्हा बाई अजून बोलत होत्या.

"एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. सगळी खाडी अशी झाली, पण वाडीच्या टोकाच्या खडपाखाली एक तुकडा आहे. तिथं कालवं आहेत. बारकी आहेत, पण कवचं घट्ट. आणि त्या तुकड्याचा आकार बघा कसा." त्यांनी अंगणातल्या मातीत बोटानं रेघ ओढली. अर्धगोल. सुपासारखा. "खाली सगळा जुन्या शिंपांचा थर आहे. कोणीतरी आणून टाकल्यात. शिंपांवर पिल्लं बसतात, आणि शिंपा विरघळतात तसा आजूबाजूच्या पाण्याचा आंबटपणा थोडा मारतात. पूर्वी इथं असं करायचे का?"

आये त्या रेघेकडे बघत राहिली.

"करायची," ती म्हणाली. "सगळी घरां करायची."

"मग बंद का केलं?"

"देवाक दिली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. पूर्वी प्रत्येक घराच्या पाठीमागे शिंपांचा ढीग असायचा. वर्षाचं कालव तोडून झालं की एक दिवस ठरवून सगळ्या बायका टोपल्या भरभरून तो ढीग खाडीला परत द्यायच्या. खाडीचं खाडीला. माझं लग्न झालं त्या वर्षी मीही दिला होता. मग गावचं देऊळ नव्यानं बांधायला काढलं. गाभाऱ्याला चुना आमच्या शिंपांचा लावायचा, असं आयेनं स्वतःहून सांगितलं. भट्टीवाल्याचा टेम्पो आला आणि घराघरातला ढीग घेऊन गेला. देऊळ दुधासारखं पांढरं झालं. लोकांनी आयेचं नाव काढलं. पुढल्या वर्षी देवळाचं काम नव्हतं, पण टेम्पो आला. त्याच्या पुढल्या वर्षीही आला. परत द्यायचा दिवस बायका विसरल्या. आयेनं आठवण करून दिली नाही.

हे सगळं आवडीचा नवरा जायच्या कितीतरी आधीचं.

"बरं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्या नंतर हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आये लुगडं नेसून काठी घेऊन पायरीवर उभी.

"चल."

"खंय?"

"टोकाक."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली. नळावर बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "सत्याबाय, सकाळीच खंय गो? वरातीक?"

"होय. नवरो बघूक चाललंय."

बायका हसल्या. आये थांबली नाही.

आवडी खडपावर उभी होती. पायाशी सिमेंटची जुनी गोणी, तिच्यात शिंपा. खाणावळीतल्या, लोकांनी खाऊन टाकलेल्या. ती वाकायची, एक शिंप उचलायची, हात मागे न्यायची आणि फेकायची. मग दुसरी. ओहोटी होती. खाली चिखलात तो तुकडा उघडा पडला होता, अर्धगोल, कडेपर्यंत कालवांनी भरलेला. तिचे पाय जिथं होते तिथून तिचा हात जितका पोचत होता, तितकाच तो होता. त्याच्या पलीकडं सगळं बोडकं.

पावलं ऐकून तिनं मागं पाहिलं आणि ती पटकन आणखी मागं सरली.

"मी पाय नाय घातलंय," ती म्हणाली. "हंयसूनच टाकतंय."

"बघलंय," आये म्हणाली. "कधीपासून टाकतंस?"

"तू सांगलंस तेव्हापासून."

"मी टाकूक नाय सांगलंय."

"कालवां परत येईसर, म्हणालंस. मगे ती आणूक नकोत? माझ्या पायान गेली, तर मीच आणूक होयी." तिच्या हातात अजून एक शिंप होती. "माझी सासू सांगायची, खाडयेचा खाडयेक दिला की ती रुसत नाय. तेवढाच माका ठाऊक."

आये खडपावर बसायला गेली. मी धरलं. ती बसली नाही. उभीच राहिली.

"आवडी, ता तुझ्या पायान नाय झाला."

"मगे?"

"धूर." आयेला शब्द सापडेना. ती हातवारे करू लागली. "जगाचो धूर. गाडयांचो, कारखान्यांचो. दर्या तो पिता. मगे पाणी आंबट होता. बाटलीवालेन लिंबू पिळून दाखवल्यान माका."

आवडी आयेकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"म्हणजे सगळ्या जगान केल्यान," आवडी म्हणाली.

"होय."

"माझ्या पायान नाय."

"नाय."

आवडी खाली बसली. हातातली शिंप तिनं उलटी केली, सुलटी केली. खाली चिखलात कुर्ल्या फिरत होत्या.

"मगे इतकी वर्सां," ती म्हणाली, "मी कोणाचा फेडलंय?"

मला वाटलं आये आता धुराचंच काहीतरी बोलेल. जगाचं बोलेल. ते बोलणं सोपं होतं आणि खोटंही नव्हतं.

"माझा," आये म्हणाली. "शिंपा मी देवाक दिलंय, ता एक. आणि तिसऱ्या दिसाक तुझ्या घराक भात धाडलंय नाय."

मी आयेकडे बघितलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात कधी कोणी काढली नव्हती. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. वाडी जेवण धाडते. पहिल्या दिवशी आवडीकडे सगळ्यांनी धाडलं, इतकं की फुकट गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक घराला वाटलं, दुसरं घर धाडील. त्या दिवशी कोणाचं धाडायचं हे ठरवायची ती आये. आणि त्या दिवशी आमच्या चुलीवर भात होता. रात्री उरला म्हणून मी त्यात पाणी घालून ठेवला होता.

"पोरां रडत होती," आवडी म्हणाली. "पेज करूक तांदूळ नाय असा नाय. तांदूळ होतो. पण चूल पेटवची कशी? लोक काय म्हणती? मगे म्हटलंय, कालवां कच्ची खातत. त्येका चूल नको." ती जराशी हसली. "कच्ची घातलंय पोरांका. खारी होती म्हणान मिठाचीय गरज नाय."

चूल पेटवली तर नेम मोडतो, म्हणून ती खाडीत उतरली. एक नेम राखायला तिनं दुसरा मोडला होता. आणि आम्ही कोणी तिला विचारलं नव्हतं.

"उतार आता," आये म्हणाली. "माझो शब्द मी मागे घेतंय. सगळ्यांसमोर सांगतंय, आजच."

"नको."

"आवडी…"

"तू सांगलंस म्हणान वर इलंय. आता तू सांगलंस म्हणान खाली जावा? माका जावचा असात तेव्हा मी जायन."

आयेनं मान खाली घातली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, तिचा मुलगा, माझा नवरा, परदेशी बोटीवर कामाला गेला तेव्हाही नाही.

मग आवडीनं पायानं गोणी आयेकडे सरकवली.

"हात चालता काय गो तुझो?"

"चालता."

"मगे टाक."

आयेनं काठी माझ्याकडे दिली. एक शिंप घेतली आणि फेकली. ती खडपाच्या बुडाशीच पडली.

"ताक घुसळतंस काय?" आवडी म्हणाली. "खांद्यातसून टाक."

आयेनं दुसरी फेकली. तीही तिथंच पडली. तिसरीही. तिचा श्वास लागला, तरी ती थांबेना. मी पुढं झाले तर आवडीनं मला हातानं अडवलं.

"तू रव. तिका टाकूंदे."

घरी येताना आये नळावर थांबली आणि सगळ्या बायकांना सांगितलं. शिंपांचं सांगितलं, भाताचंही सांगितलं. सकाळी वरातीचा विनोद करणारी बाई भरलेली कळशी ओतून पुन्हा भरू लागली. त्या वर्षी भट्टीवाल्याचा टेम्पो रिकामा गेला. अस्मिता बाईंना मी विचारलं, आता खाडी पूर्वीसारखी होईल का. त्या म्हणाल्या, नाही. जगाचा धूर थांबल्याशिवाय समुद्र सुधारणार नाही. शिंपांनी एवढंच होईल की काही पिल्लं तग धरतील. खोटं आश्वासन त्यांनी दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांना मानते.

आये मात्र रोज टोकाला जायची. काठी टेकत, पदरात शिंपा बांधून. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून फेकायच्या. आवडीची शिंप लांब जायची, आयेची पायाशी पडायची. आवडी खाडीत उतरली नाही. नारळी पौर्णिमा आल्या आणि गेल्या, बायकांनी बोलावलं, मी दोनदा जाऊन बोलावलं. ती म्हणायची, बघूया.

मग एका थंडीत आये गेली. अंथरुणावर फार दिवस नव्हती.

पहिल्या दिवशी आमच्याकडे इतकं जेवण आलं की ठेवायला भांडी पुरेनात. दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी कोणी आलं नाही. मी रिकाम्या चुलीपुढं बसले होते. मागच्या दाराची कडी वाजली.

आवडी होती. पदराखाली टोप.

"भात असा," ती म्हणाली. "जेव."

ती समोर बसली. मी जेवले. तिच्यासमोर घास टाकायची माझी छाती नव्हती. टोप रिकामा झाला तशी ती उठली.

"चल. सुकती लागली." ओहोटी सुरू झाली होती.

"खंय?"

"खाली."

"आवडी, माका सुतक असा."

"माका सांगतंस?" ती म्हणाली.

टोकाच्या खडपावरून उतरायला पायऱ्यांसारखे दगड आहेत. ती पुढं होती. शेवटच्या दगडावर ती थांबली, लुगडं वर खोचलं आणि माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत होता, शिंपांनी कापून कापून झालेला. आधी तिचा पाय चिखलात गेला, मग माझा. पाणी थंड होतं.

मी पुढं जाऊ लागले तर तिनं मला मागं ओढलं आणि खाली बोट दाखवलं. खडपाच्या अगदी बुडाशी, पावलाएवढ्या जागेत, कालवं धरली होती. दाट, एकावर एक.

"ही सत्याबायची," आवडी म्हणाली. "हात तितकोच पोचायचो तिचो."

आम्ही तिथं पाय ठेवला नाही. वळसा घालून पुढं गेलो.